तेविसाव्या रांगेतली आठवी जागा

३ सप्टेंबर २०१७, रविवार

डोरे,

फाडायच्या आधी एवढं वाच. हरलो. एक्केचाळीस-सहा. हंगामाचा पहिलाच सामना, तोही घरच्या मैदानावर आणि तोही अशा कॉलेजाशी, ज्यांच्याकडे म्हणे सरावाला नीट मैदानसुद्धा नाही. आता सलग पंचवीस हारी झाल्या. पंचवीस! तू उठून गेलीस त्या दिवसापासून आपल्या कॉलेजचे रानकोंबडे एकही सामना जिंकलेले नाहीत. आपल्या रांगेतला ग्लेन स्टेकलाइन म्हणतो, डोरीचा शाप लागलाय. मी त्याला म्हटलं, डोरीला शाप द्यायची अक्कल असती तर तिने तो आधी तुझ्या रेडिओला दिला असता. मैदानात बसून समोरचाच सामना रेडिओवर ऐकतो तो अजूनही. कानाला लावून.

तुझा पत्ता जॅनेलने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तुझ्या लेकीच्या फार मागे लागले होते. फोन नंबर मात्र दिला नाही तिने. आईवर गेलीये, हट्टी.

मी काही रडगाणं गायला लिहीत नाहीये. तुला कळवायचं एवढंच की तेविसाव्या रांगेतली आठवी जागा अजून तुझीच आहे. दर सामन्याला मी तिच्यावर बाबांची घोंगडी घालून ठेवते. काल एक बाई आपल्या नवऱ्याला घेऊन आली आणि म्हणाली, "इथं कुणी बसलंय का?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "कुठंय?" मी म्हटलं, "येतेय." तीन वर्षं हेच सांगतेय मी लोकांना. मैदान अर्धं रिकामं असतं, बसायला जागाच जागा, पण लोकांना नेमकी तीच हवी असते.

बाबांचे दोन नियम तुला पाठ आहेत. वासिंगरांच्या घरातलं माणूस तोंड लपवत नाही, आणि शेवटचा भोंगा वाजेपर्यंत जागेवरून उठत नाही. तू एकाच दिवशी दोन्ही मोडलेस. मी आजवर एकही मोडलेला नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. बरं, थोडी बढाई म्हणूनच लिहितेय.

गावात सगळं ठीक. गव्हाचं बरं झालं. फादर लेरॉय आता प्रवचनात फुटबॉलचं नाव काढत नाहीत, लोक हसतात म्हणून.

इर्मा


८ ऑक्टोबर २०१७, रविवार

डोरे,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहितेय, कारण काल जे झालं ते कुणाला तरी सांगितलं नाही तर माझं डोकं फुटेल, आणि इथे ज्यांना सांगावं ते सगळे तिथे हजर होते.

आपला नवा प्रशिक्षक. तू गेल्यापासूनचा तिसरा. नाव ब्रेन्ट काहीतरी, ओहायोचा, दात फार पांढरे. काल दुसऱ्या क्वार्टरला आपण फक्त चार गुणांनी मागे. चेंडू आपल्याकडे, मैदानाच्या मधोमध. तीन प्रयत्नांत दहापैकी नऊ यार्ड काढले पोरांनी. चौथा, शेवटचा प्रयत्न, उरलंय एक यार्ड. एक! तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाएवढं. आपली पोरं धिप्पाड आहेत गं, सगळी शेतावरची; नुसती एकमेकांच्या अंगावर पडली असती तरी यार्डभर पुढे गेली असती. आणि या गृहस्थाने काय करावं? लाथ मारणाऱ्याला बोलावलं. चेंडू उंच उडवून समोरच्यांच्या हवाली केला, हे घ्या, सांभाळा, म्हणून. दर वेळी हेच. तीन वर्षांत एकदाही, एकाही प्रशिक्षकाने तो एक यार्ड मागितलेला नाही. अख्ख्या संघात नाव काढण्यासारखा एकच खेळाडू आहे आणि तो म्हणजे हा लाथ मारणारा. का नसेल? सराव किती होतो त्याला!

मी उभी राहून ओरडले, "अरे, माग की तो यार्ड! भीक मागतोयस का? आपलाच आहे तो!"

मागून मार्सेला म्हणाली, "इर्मा, बस खाली. तुझा रक्तदाब."

"माझा रक्तदाब चाळीस वर्षं शाळेची बस चालवून टिकलाय. याच्या बापाला नाही ऐकणार."

ग्लेन रेडिओ कानाला लावून म्हणाला, "रेडिओवाला पण हेच म्हणतोय, मागायला हवा होता."

शेवटी अठ्ठावीस-दहा. एकोणतीस झाल्या.

एवढ्यावर थांबले नाही मी. आज चर्चमधली मिसा झाल्यावर किराणा घ्यायला गेले तर हा ब्रेन्ट दुधाच्या कपाटापाशी उभा. मी सामानाची ढकलगाडी आडवी लावली. म्हटलं, "चौथा प्रयत्न, एक यार्ड. का नाही खेळलात?" तो हसून म्हणाला, "मॅडम, आकडेवारी बघितली तर त्या जागेवरून धोका पत्करणं शहाणपणाचं नाही." मी म्हटलं, "एकोणतीस वेळा शहाणपणा करून झालाय. आता जरा वेडेपणा करून बघा." त्याने दूध घेतलं आणि दुसऱ्या वाटेने निघून गेला. तिथेही लाथ मारून मोकळा.

लोक मला विचारतात, इर्मा, कशाला जातेस? पोरंबाळं नाहीत तुझी त्या कॉलेजात, सदुसष्ट वर्षांची झालीस, गुडघे गेलेत, घरात टीव्ही आहे, त्यावर जिंकणारे संघ दिसतात. मला हा प्रश्नच कळत नाही. जिंकणाऱ्यांना माझी काय गरज आहे? त्यांच्याकडे ऐंशी हजार माणसं बसलेली असतात. आमच्याकडे मी आहे, मार्सेला आहे, आणि ग्लेनचा रेडिओ आहे. मी उठले तर फरक पडतो.

असो. पिशवीचं लिहायचं होतं. गेल्या पत्रात मी लिहिलं की तू तोंड लपवलंस. तू कागदाची पिशवी डोक्यावर घालून आलीस, डोळ्यांना दोन भोकं पाडून. त्या वर्षी अर्धं मैदान पिशव्या घालून बसायचं, हरणाऱ्या संघाची लाज वाटते म्हणून, हे मला मान्य आहे. पण ती बाकीची माणसं. तू अलॉयस वासिंगरची मुलगी. आणि तो टीव्हीवाला कॅमेरा घेऊन नेमका आपल्याच रांगेकडे वळला. बाबांच्या रांगेत पिशवी! म्हणून मी ती ओढली. हो, मीच ओढली. फाटली. एवढंच.

आणि तू उठून गेलीस.

इर्मा


२२ ऑक्टोबर २०१७, रविवार

डोरे,

तुझं कार्ड आलं. पुढच्या बाजूला निवडुंग, मागच्या बाजूला तीन शब्द: "पिशवी कुठे आहे?" खाली नावसुद्धा नाही. मी कार्ड चार दिवस फ्रिजला लावून ठेवलं आणि येता-जाता त्याच्याशी भांडले.

माझ्याकडे आहे. स्वयंपाकघरातल्या खणात, विजेऱ्या आणि जुन्या चाव्या असतात ना, त्यांच्या खाली. त्याच संध्याकाळी मी ती बाकाखालून उचलून आणली आणि चिकटपट्टी लावून जोडली. का, ते विचारू नकोस.

तीन वर्षं मी गावाला एकच गोष्ट सांगत आलेय: डोरी रागावली, पिशवीवरून. पोरकटपणा, दुसरं काय. आता मी जे लिहितेय ते मार्सेलाला माहीत नाही, फादर लेरॉयनाही नाही, आणि त्यांना सांगायची माझी तयारी नाही.

पिशवी निघाली आणि तुझा चेहरा दिसला. सुजून लाल झालेला. सकाळपासून रडलेली बाई कशी दिसते ते न कळायला मी काही दगड नाही. तुला संघाची लाज वाटत नव्हती. त्या मैदानात त्या दिवशी दोनशे पिशव्या होत्या, त्यांत आणखी एक कुणाला कळणार नाही म्हणून तू ती घातलीस. घरात बसवत नव्हतं आणि माझ्याशेजारी बसायचं होतं, पण कुणी बघायला नको होतं. बरोबर ना?

तू म्हणालीस, "इर्मा, चल ना. गाडीत जाऊन बसू."

मी म्हटलं, "काय झालं?"

तू म्हणालीस, "क्लेट गेला. सकाळी. बॅग भरून."

आणि नंतर जेव्हा जॅनेलने फोन करून मला झापलं, तेव्हा मी तिला सांगितलं की बँड वाजत होता, मला ऐकू आलं नाही. गावालाही तेच सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. बँड वाजत होता हे खरं आहे. पण मला ऐकू आलं, डोरे. शब्द न् शब्द ऐकू आला.

चार मिनिटं उरली होती. आपण तीन गुणांनी मागे होतो आणि चेंडू त्यांच्या तीस यार्डाच्या रेषेवर होता. त्या वर्षातला सगळ्यात चांगला सामना. आणि मी तुला म्हटलं, "चार मिनिटं थांब."

तुझ्या एकतीस वर्षांच्या संसाराला मी चार मिनिटं थांबायला सांगितलं. तू थांबली नाहीस. मी मागे वळून पाहिलं तेव्हा तू पायऱ्या उतरत होतीस, एका हाताने कठडा धरून. आणि मी पुन्हा मैदानाकडे तोंड केलं.

शेवटच्या क्षणी आपल्याच पोराने लाथ मारली, चेंडू खांबाला लागून बाहेर आला. नशीब बघ. आत गेला असता तर बरोबरी झाली असती, निदान काहीतरी हाती लागलं असतं.

मग मी गाड्यांपाशी गेले. तुझी गाडी नव्हती. मी घरी आले, आणि तुला फोन करायच्या ऐवजी चिडत बसले, कारण चिडायला सोपं असतं. मग सोमवार आला, मग महिना गेला, मग तू ट्यूसॉनला गेल्याचं मला दुकानात कळलं. सख्ख्या बहिणीला, दुकानात.

मी चूक केली. वाच पुन्हा, कारण मी हे दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

कालही हरलो. एकतीस. गुण विचारू नकोस.

इर्मा


५ नोव्हेंबर २०१७, रविवार

डोरे,

हे काय लिहिलंयस तू?

म्हणे ट्यूसॉनचं घर सोडलं, कॅन्सस सिटीला जॅनेलकडे कायमची राहायला चाललेय. छान. म्हणे डेन्व्हरहून येणारी बस हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर वीस मिनिटं थांबते. मला माहीत आहे, मी इथेच राहते. म्हणे शनिवारी, अकरा तारखेला, चारला दहा कमी असताना. "यायचं तर ये."

अकरा तारखेला! तुझ्याकडे कॅलेंडर नाही असं मी धरून चालले होते, मग आठवलं की तू लहानपणी वेळापत्रक माझ्याआधी पाठ करायचीस. तुला पक्कं ठाऊक आहे की त्या दिवशी हंगामातला शेवटचा सामना आहे, आपल्या घरी, मेडिसिन क्रीकच्या कोल्ह्यांशी. एक वाजता सुरू होतो. चारला दहा कमीला अठरा मैलांवर पोचायचं म्हणजे शेवटची चार मिनिटं सोडून उठायचं. तू मुद्दाम केलंस हे.

तर माझं उत्तर ऐक. मी येणार नाही. वीस मिनिटं पेट्रोल पंपावर उभं राहून, कॉफीच्या यंत्रासमोर, दोन बायका काय बोलणार? तूच इथे ये. तिथे उतर, मी ग्लेनला गाडी घेऊन पाठवते, तो रेडिओ घेऊन येईल, तुझं काही चुकणार नाही. तुझी जागा मोकळी आहे. मी आईच्या पद्धतीचे बिरॉक करणार आहे, कोबी आणि खिमा भरलेले पाव, कांदा जास्त, तुला आवडतात तसे. दुसऱ्या दिवशीची बस पकड. नाहीतर पुढच्या आठवड्याची. नाहीतर पकडूच नकोस.

कोल्ह्यांचे लोक गेल्या वर्षी खिशातून मक्याचे दाणे घेऊन आले होते. आपली पोरं मैदानात उतरली की ते दाणे फेकत आणि कोंबड्यांना बोलावतात तसं "आ, आ, आ" करत. अख्खा तासभर. माझ्या केसांतून दाणे निघाले घरी गेल्यावर. आणि तू मला म्हणतेस की त्यांच्यासमोर उठून जा? चार मिनिटं उरलेली असताना? त्यांना वाटेल मी पळाले.

एकदा माफी मागितली म्हणजे तू म्हणशील ते मी करायचं असं नाही.

काल हरलो. तेहतीस.

इर्मा

ता.क. या कार्डावर तू नाव लिहिलंयस. पाहिलं मी.


११ नोव्हेंबर २०१७, शनिवार

डोरे,

हे पेट्रोल पंपावरून लिहितेय, सामन्याच्या माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. तुझी बस पंचवीस मिनिटं उशिरा आहे. आत गल्ल्यावर बसलेल्या बाईने फोन करून विचारलं. बघ, मी धावतपळत आले आणि उशीर कोण करतंय!

काय झालं ते लिहून ठेवते, कारण तोंडाने मला सांगता येईल असं वाटत नाही.

दाणे आले. "आ, आ, आ" झालं. पण आज पोरांना काय झालं होतं कुणास ठाऊक. अर्धा सामना संपला तेव्हा आपण पुढे होतो. आपण! कोल्ह्यांचे लोक गप्प बसले. मार्सेलाने माझा हात असा धरला की अजून दुखतोय. शेवटच्या क्वार्टरला ते पुढे गेले, वीस-सतरा. तीन गुण, डोरे. पुन्हा तीन. आणि घड्याळात साडेतीनला पाच कमी, सामन्याची चार मिनिटं उरलेली.

मी स्वतःला सांगत होते की मी जाणार नाहीच आहे. लिहून कळवलंय तिला. माझा शब्द आहे.

चेंडू आपल्याकडे. मैदानाच्या मधोमध. तीन प्रयत्न झाले. चौथा, आणि उरलंय एक यार्ड. मी डोळे मिटून घेतले, म्हटलं, आता हा दातवाला लाथ मारणाऱ्याला बोलावणार. तेवढ्यात ग्लेन ओरडला, "इर्मा! मागतोय! यार्ड मागतोय!" मी डोळे उघडले. लाथ मारणारा पोरगा बाकावर बसलेला. आपली धिप्पाड पोरं रांगेत वाकलेली, हेल्मेटला हेल्मेट लावून. तीन वर्षं मी ज्यासाठी घसा फोडला ते माझ्यासमोर घडत होतं.

आणि मी उठले.

कसं, ते मला सांगता येत नाही. मी त्या प्रशिक्षकाला दुधाच्या कपाटापाशी भित्रा ठरवलं होतं, आणि स्वतः मात्र तेवढ्याच चार मिनिटांमागे लपून बसले होते. तुझा पायऱ्या उतरतानाचा हात दिसला मला, कठड्यावरचा. बाबांची घोंगडी उचलली आणि दोन्ही जागांवर आडवी पसरली.

मार्सेला म्हणाली, "अगं, कुठे? आत्ता? कुणी गेलं का?"

मी म्हटलं, "गेलं नाही. येतंय."

पायऱ्या उतरताना मागे प्रचंड आवाज झाला. मैदान हादरलं. आमचे ओरडले की त्यांचे, ते मला कळलं नाही, आणि मी वळून पाहिलं नाही. गाडीत बसले. रेडिओ लावला नाही. अठरा मैल आले, एकदाही बटणाला हात लावला नाही. इथे पोचले तर गल्ल्यावरची बाई माझी कोंबड्याची टोपी बघून म्हणाली, "ओ, तुम्हाला कळलं का..." मी म्हटलं, "एक शब्द बोललीस तर तुझ्या दुकानातून कधी काही घेणार नाही." ती गप्प झाली, पण हसली. ते हसू जिंकल्याचं होतं की माझ्यावरचं, ते नाही कळलं.

तर मला निकाल माहीत नाही. कॅन्ससमध्ये ज्याला माहीत नाही असं एकमेव माणूस मी असेन. बिरॉक गाडीत आहेत, टॉवेलात गुंडाळलेले, अजून कोमट. तुझ्या वीस मिनिटांत खाऊन होतील. किंवा तू सामान उतरवून घे, आपण गाडीत बसू, रेडिओ लावू आणि दोघी मिळून ऐकू. हरलेले असलो तरी ऐकू. ते तुझं तू ठरव, मी मागे लागणार नाही. म्हणजे लागेन, पण एकदाच.

आणखी एक. खणातली पिशवी मी सकाळी पर्समध्ये घातली होती. जाणारच नव्हते तर ती का घातली, हा प्रश्न मला विचारू नकोस. ती आत्ता माझ्या डोक्यावर आहे. डोळ्यांची भोकं तू नेमकी कापली होतीस, त्यातून लिहितासुद्धा येतंय. ट्रकवाले वळून वळून बघताहेत. एकाने भोंगा वाजवला. बघू देत. त्यांना वाटत असेल म्हातारीला संघाची लाज वाटतेय. या संघाची मला एक दिवसही लाज वाटलेली नाही, आजही नाही. माझा चेहरा आत्ता कुणाला दाखवण्यासारखा नाही, एवढंच.

बाबांचे दोन्ही नियम मोडले, एकाच दिवशी. आपण बरोबरीत आलो.

रस्त्याच्या टोकाला बस दिसतेय. पेन ठेवते. उतरलीस की सरळ माझ्याकडे ये आणि ही पिशवी ओढून काढ. फाटली तर फाटू दे.

इर्मा